कोणतं पुस्तक हवंय, ताई?

पुण्यातल्या धायरीहून एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलंय. नाव छापू नका म्हणतात, म्हणून मजकूर थोडक्यात देते.

वय ५८. पाटबंधारे खात्यातून सप्टेंबरअखेर निवृत्त. माहेर शनिवार पेठेतलं. कॉलेज संपेपर्यंत आठवड्याला दोन पुस्तकं सहज व्हायची. पुढे लग्न, नोकरी, मुलगा, सासूबाईंचं आजारपण, यात वाचन सुटलं ते सुटलंच. मुलगा-सून जर्मनीत. दिवाळी झाली, पाहुणे पांगले, आणि आता थंडीत सहा वाजता अंधार पडला की घर खायला उठतं. मैत्रीण म्हणाली, वाचनालयात नाव घाल. म्हणून नोव्हेंबरात घराजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयात गेल्या. आत टेबलांवर स्पर्धा परीक्षेची मुलं, आणि पुस्तकं काउंटरच्या पलीकडे कुलूपबंद कपाटांत. काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, “कोणतं पुस्तक हवंय?” यांना एक नाव आठवेना. “नंतर येते,” म्हणून बाहेर पडल्या आणि घरी येऊन चक्क रडल्या. यजमान म्हणाले, “या वयात आता काय पीएचडी करायचीय?”

ताई विचारतात : वाचनालय आता माझ्यासारखीसाठी राहिलेलं नाही का? सरळ पुस्तकं विकत घेऊ, की मोबाइलवर वाचू? मुलगा, सून आणि सात वर्षांची नात २० डिसेंबरला तीन आठवड्यांसाठी येतायत. नात मराठी बोलते, पण वाचत नाही. तिला घेऊन कुठे जाऊ? आणि पत्राच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात : “माहेरच्या वाचनालयाचं एक पुस्तक १९९१ पासून माझ्याकडेच राहिलंय. ते आठवलं की जास्तच लाज वाटते.”

प्रिय ताई,

लक्ष्मी रोडला साडी घ्यायला जाता तेव्हा काय होतं ते आठवा. दुकानदार विचारतो, “काय दाखवू?” आपण म्हणतो, “आधी दाखवा तर खरं.” “काठपदर की सिल्कमध्ये?” “बघू.” “साधारण किती पर्यंत?” “बघू हो.” मग गादीवर पंचवीस-तीस साड्या उलगडल्या जातात, दोन खांद्यावर टाकून आरशात बघितल्या जातात, आणि शेवटी पर्स उचलत आपण म्हणतो, “नंतर येते.” त्यानं घड्या घालत बसायचं आणि आपण चहाला अमृततुल्यकडे वळायचं. यावरून कुणी घरी येऊन रडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तुम्हीही वाचनालयात तेच दोन शब्द बोललात. तिथे तर कुणाची एक घडीसुद्धा मोडली नव्हती.

फरक एवढाच की साडीच्या दुकानात आपण गिऱ्हाईक असतो आणि वाचनालयात पाऊल टाकलं की आपोआप विद्यार्थी होतो. “कोणतं पुस्तक हवंय?” हा प्रश्न तुम्हाला तोंडी परीक्षेसारखा वाटला. एके काळी एवढं वाचणारी मी, आणि एक नाव सांगता येऊ नये! पण कोणतं पुस्तक हवं हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याला वाचनालयाची गरज त्या मानानं कमीच. तो अप्पा बळवंत चौकात जाईल, नाव सांगेल, पैसे देईल, घेऊन येईल. काय हवं ते माहीत नाही, ही वाचनालयात जायची अडचण कशी असेल? ते तर जायचं कारण आहे.

हे माझ्या पदरचं नाही. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. दुसरा नियम म्हणतो, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. तिसरा म्हणतो, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. हा तिसरा तुमच्या कामाचा, कारण तो सगळं ओझं ग्रंथालयावर टाकतो. वाचकानं नावं पाठ करून यावं असं पाचांपैकी एकाही नियमात नाही. उलट कपाटं उघडी हवीत, वाचकाला हिंडू-फिरू द्यावं, असा रंगनाथन यांचा आग्रह होता.

मग आपल्याकडे कपाटांना कुलूप का? पुस्तकं हरवतात, पाककृतींची पानं ब्लेडनं कापली जातात, आणि त्याचा जाब काउंटरवरच्या माणसाला द्यावा लागतो. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांत पगार तुटपुंजे असतात. दिवसभर कुणीतरी येऊन पुस्तकाचं नाव सांगायचं आणि यांनी ते काढून द्यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं की तोंडातून तो प्रश्न आपोआप निघतो. मी त्या गृहस्थांची बाजू घेत नाहीये. मान वर करायला काही पगार लागत नाही. पण त्या प्रश्नात तुम्ही जेवढं ऐकलंत तेवढं त्यात नव्हतं, एवढंच सांगतेय.

आता पुन्हा जाल तेव्हा (जायचं आहेच) त्याला उत्तर काय द्यायचं?

माझं सगळ्यात आवडतं उत्तर : “आज परत आलेली पुस्तकं बघू का जरा?” प्रत्येक वाचनालयात काउंटरच्या आसपास असा एक गठ्ठा असतोच. अजून कपाटात न गेलेली, कुणाच्या तरी उशाशी पडून आलेली पुस्तकं. त्यातलं एक हातात घ्या आणि मागचा पुठ्ठा उघडा. आत तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. महिन्याला दोन-दोन शिक्के, चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवलेली, बांधणी पक्की असूनही पाठ सैल झालेली, पानांच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या, असं दिसलं की समजावं, हे पुस्तक घराघरांतून फिरलंय. ओळखीपाळखी नसलेल्या पन्नास पुणेकरांचं एका गोष्टीवर एकमत होणं ही काय लहान गोष्ट आहे? उलट एखाद्याचा शेवटचा शिक्का २००९ चा असतो. तेही उघडून बघा. मला काही फार चांगली पुस्तकं अशीच धूळ झटकून मिळाली आहेत. आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर नोंद होते, शिक्के पडत नाहीत. सोय झाली, पण ही एक वाचायची गोष्ट गेली. समासातले पेन्सिलीचे शेरे मात्र अजून टिकून आहेत. एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘अत्यंत रटाळ.’ खाली वेगळ्या अक्षरात : ‘मग शेवटपर्यंत आलात कसे?’ पुण्याचंच वाचनालय, वेगळं सांगायला नको.

दुसरं उत्तर तुम्ही स्वतःच पत्रात लिहून ठेवलंय, तुमच्या लक्षात आलेलं नाही. दुसऱ्या पानावर सहज म्हणता, “आई पानशेतच्या पुराची हकीकत सांगायची तेव्हा आम्ही पोरं जेवायचं विसरायचो.” १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. तुम्ही जन्मलात त्याच्यानंतर, वाढलात शनिवार पेठेत, आणि उभी नोकरी केलीत पाटबंधारे खात्यात! अहो, पुस्तकाचं नाव कशाला हवंय? काउंटरवर जाऊन म्हणायचं, “पानशेतच्या पुराबद्दल काही आहे का?” एवढं एक वाक्य. त्यातून आठवणींची पुस्तकं निघतील, पुण्याच्या इतिहासाची निघतील, मोठ्या वाचनालयात त्या काळच्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली असतील तर त्या निघतील. मग मागे जात तुम्ही पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरपर्यंत, म्हणजे इंग्रज सरकारच्या माहितीग्रंथापर्यंत पोचाल. तीन भाग आहेत, भाषा इंग्रजी. खडकवासल्याच्या तलावाला तेव्हा लेक फाईफ म्हणत. ज्याच्या पाण्याचे हिशोब तुमच्या खात्यानं ठेवले, तो तलाव साहेबानं कसा मोजून लिहिलाय ते तुमच्याइतकं बारकाईनं कोण वाचणार?

हे संदर्भ विभागाचं काम. तिथली पुस्तकं घरी नेता येत नाहीत, बसून वाचायची असतात, आणि म्हणूनच तो विभाग बहुतेकांनी बघितलेलाच नसतो. मराठी विश्वकोशाचे वीस खंड, शब्दकोश, चरित्रकोश, जुन्या मासिकांचे बांधीव अंक तिथे असतात. वही-पेन घेऊन जा. चार ओळी उतरवून घेतल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला निमित्त राहतं.

इतरही वाचक हे वाचताहेत म्हणून सांगते, प्रत्येकाजवळ असा एक पानशेत असतो. कुणाचे आजोबा रेल्वेत होते, कुणाच्या आईला संधिवात आहे, कुणाला बाल्कनीत कढीपत्ता जगवायचाय. पुस्तकाचं नाव नाही आठवलं तर प्रश्न घेऊन जा.

पण ताई, तुम्ही पहिले दोन महिने हे सगळं बाजूला ठेवा आणि दिवाळी अंक वाचा. वाचनाची मोडलेली सवय चारशे पानांच्या कादंबरीनं पुन्हा लागत नाही. गुडघे धरलेले असताना एकदम सिंहगड चढायला काढल्यासारखं होतं ते. दिवाळी अंकात वीस मिनिटांत एक कथा संपते. ती नाही आवडली तर पुढे लेख आहे, तोही नाही आवडला तर व्यंगचित्रं आहेत, आणि काहीच नाही तर राशिभविष्य आहेच. (तेच आधी वाचतो सगळे.) काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही आपली खास मराठी चैन सुरू झाली. बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते : एकदा ठरावीक रक्कम भरायची, मग रोज एक याप्रमाणे बदलून न्या. ही योजना साधारण फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. काही ठिकाणी त्यासाठी कायमचं सभासद असणंही लागत नाही. आता डिसेंबरात गर्दी थोडी ओसरलेली असते. नावाजलेले अंक मात्र अजून हातात पडणार नाहीत, त्यासाठी नंबर लावून ठेवा. आणि इथे “कोणतं हवंय?” असं कुणी विचारत नाही. अंक टेबलावर पसरलेले असतात, उचलायचा आणि नोंद करायची.

आता त्या मुलांविषयी. तुम्ही लिहिता, “सगळी पंचविशीच्या आतली, मी एकटीच आजी.” ती मुलं अभ्यासिकेतली आहेत. गावाकडून येऊन, खोलीत चौघंजण राहतात म्हणून अभ्यासाला वाचनालयात बसतात. त्यांचं लक्ष चालू घडामोडींवर असतं, तुमच्या स्वेटरवर नाही. एका अशा मुलानं मला आजवर एकच वाक्य बोलून दाखवलंय : “काकू, तुमचा पेपर झाला का?” ती आहेत म्हणून अनेक वाचनालयं आज उघडी राहतात, हेही खरं. पण जागा त्यांची जेवढी तेवढीच तुमची. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं, म्हणजे तुमच्या-माझ्या कराचा पैसा मिळतो. तिथे वर्तमानपत्र वाचत बसायला सभासद असावं लागत नाही. तुम्ही कुणाच्या घरात न बोलावता शिरला नव्हतात.

विकत घ्यायचं की मोबाइलवर वाचायचं? घ्या ना विकत, मी कशाला नको म्हणू. पुणे पुस्तक महोत्सव २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर भरतो. जाऊन या. नुसतं हिंडायलाही मजा येते. पण काय घ्यायचं हे ठाऊक नसताना घेतलेली पुस्तकं कपाटात उभी राहतात आणि येता-जाता आपल्याकडे बघत बसतात. माझ्याकडे अशी एक अख्खी फळी आहे. विकतचं पुस्तक म्हणतं, सावकाश वाच, मी कुठे जातोय. वाचनालयाचं म्हणतं, पंधरा दिवस आहेत. मला तरी ते दुसरं पुस्तक वाचून होतं. म्हणून महोत्सवात नावं टिपून आणा, आधी वाचनालयात मिळतात का बघा, आणि जे परत करताना जिवावर आलं तेवढंच विकत घ्या. मोबाइलबद्दल मला एवढंच म्हणायचंय की तुम्ही रात्री वाचायला तो हातात घ्याल आणि कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचे फोटो बघत बसाल. विश्वकोश तिथे फुकट आहे, त्याच्यासाठी जरूर वापरा. ज्यांना डोळ्यांनी छापील वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांना सांगा.

कोणत्या वाचनालयात जायचं, हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. एका वाचनालयात वाईट अनुभव आला की ‘वाचनालय’ या गोष्टीवरच फुली मारायची, हे काही बरोबर नाही. एखाद्या पार्लरमध्ये केस बिघडवले म्हणून आपण केस कापायचं सोडतो का? जवळचं एक हवंच, चालत जाण्याजोगं, दिवाळी अंकांसाठी. त्याच वाचनालयात वेगळ्या वेळी जाऊन बघा. संध्याकाळी सहानंतर काउंटरवर बहुतेक ठिकाणी झुंबड असते. सकाळी दहा-साडेदहाला तोच माणूस तुमच्याशी दोन शब्द बोलेल. तरीही सूर जुळला नाही तर दुसरं.

आणि महिन्यातून एक-दोनदा पेठेत जा. धायरीहून बसनं स्वारगेट, आणि तिथून मेट्रोनं एकच स्टेशन, मंडई. सिंहगड रोडच्या वाहतुकीवर मी बोलणार नाही, रक्तदाब वाढतो. पण भुयारी मेट्रोतून वर आलात की सगळं चालण्याच्या अंतरावर आहे. लक्ष्मी रोडवर पुणे नगर वाचन मंदिर आहे, १८४८ मध्ये सुरू झालेलं. लोकहितवादींच्या पिढीनं सुरू केलेलं हे वाचनालय तेव्हा ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ होतं. त्याच साली फुल्यांनी मुलींची शाळा काढली, हे मला तिथून जाताना दर वेळी आठवतं. नारायण पेठेत १९११ पासूनचं पुणे मराठी ग्रंथालय आहे. बाजीराव रोडच्या विश्रामबागवाड्यात सरकारचं विभागीय ग्रंथालय आहे, हे रोज खालून जाणाऱ्या कित्येकांना माहीत नसतं. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० चं. ते अभ्यासकांचं, पण पानशेतचा धागा धरून मागे जात गेलात तर कधीतरी तिथल्याही पायऱ्या चढाल.

नाव घालताना आधार कार्डाची प्रत, दोन फोटो आणि पत्त्यासाठी वीजबिल जवळ ठेवा. काही जुन्या ठिकाणी अजून एखाद्या सभासदाची जामीन म्हणून सही मागतात. मैत्रिणीला घेऊनच जा म्हणजे झालं. अनामत रक्कम परत मिळते, पण पावती दाखवल्यावर. मी एका वाचनालयाची पावती अशी ‘नीट’ ठेवली होती की ती वीस वर्षं मलाच सापडली नाही. तुम्ही कार्यालयात फायली सांभाळल्या आहेत, तुमचं तसं व्हायचं नाही.

आता नात. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे : “तीन आठवड्यांत तिला निदान बाराखडी तरी पक्की करून पाठवीन म्हणते.” नका करू असं, ताई. जर्मनीहून आजीकडे आलेल्या पोरीला थंडीच्या सुट्टीत बाराखडी? तुम्ही नुकत्याच एका काउंटरवरून परीक्षेच्या भीतीनं परत आला आहात. तेच काउंटर तिच्यासाठी घरात कशाला मांडता?

तिला वाचनालयात न्या, पण वाचायला म्हणून नको. बालविभागात कपाटं बहुतेक उघडीच असतात. तिला खाली बसून पुस्तकं काढू द्या, पसरू द्या. चित्र बघून ती जे उचलेल ते घ्या, तुम्हाला कितीही फालतू वाटलं तरी. काउंटरवर ते तिच्या हातानं द्या. पुस्तक दिलं, नोंद झाली, परत हातात आलं, यात मुलांना काय मोठेपणा वाटतो ते बघा. रात्री रजईत तुम्ही मोठ्यानं वाचा, तिनं चित्रं बघावीत. आपणहून बोट ठेवून “हे काय?” म्हणाली तर सांगा, नाहीतर नका सांगू. तशी वेळ आलीच तर जोडाक्षरं नसलेली गोष्टींची पुस्तकं मिळतात, ती मागा. परदेशातून आलेल्या मुलांना ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ दुसऱ्या भेटीत दाखवलेले बरे. ती परत गेल्यावर ‘किशोर’ आहेच. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ती तिकडे आणि तुम्ही इकडे, व्हिडिओ कॉलवर एकच गोष्ट उघडून बसू शकता. तुमच्या मुलानंही ते अंक लहानपणी वाचले असतील. मग तोच मागे उभा राहून वाचायला लागेल.

एक दिवस काढून सगळे भिलारला जाऊन या. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं हे गाव मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ आहे. लोकांच्या घरांच्या ओसरीवर, पडवीत पुस्तकं मांडलेली आहेत. कुणाच्याही घरी जाऊन बसा आणि वाचा. तिथे काउंटरच नाही! शिवाय स्ट्रॉबेरीचा हंगाम. यजमानांना पुस्तकांचं नाव न काढता स्ट्रॉबेरीचं सांगा.

पाहुणे गेले की जानेवारीत घर पुन्हा सुनं होईल, आणि या वेळी जास्त होईल, तेव्हा आत्ताच तयारी ठेवा. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो. वाचनालयांत व्याख्यानं, अभिवाचन, ग्रंथप्रदर्शन असं काही ना काही चालू असतं. फळ्यावर खडूनं लिहितात, फेसबुकवर शोधत बसू नका. सरकारचा जिल्ह्याचा ग्रंथोत्सवही बहुधा याच मोसमात होतो. तुमच्या सोसायटीत बायकांची भिशी आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या भिशीत पैशाबरोबर एक पुस्तकही फिरू द्या. जिचा नंबर लागेल तिनं वाचनालयातून एक आणायचं आणि दोन पानं वाचून दाखवायची, मग बटाटेवडे. सगळ्या जणी वाचतील असं नाही. दोघी वाचल्या तरी संध्याकाळी फिरताना बोलायला विषय मिळतो.

यजमानांच्या पीएचडीबद्दल मी काही म्हणत नाही. त्यांच्या खुर्चीजवळ एखादा विनोदी दिवाळी अंक उघडा टाकून ठेवा. टीव्हीवर जाहिराती बऱ्याच असतात.

राहिलं ते १९९१ चं पुस्तक. तुम्ही त्याचं नाव लिहिलं नाहीत, पण ‘अजून कव्हर घालून ठेवलंय’ असं लिहिलंत, त्यावरून मला सगळं कळलं. ३०-३५ वर्षांचा दंड लावला तर एक वॉशिंग मशीन येईल, ही तुमची भीती आहे. तसं होत नाही. इतकी वर्षं न आलेलं पुस्तक वाचनालय कधीच हरवलेल्यांत धरतं आणि दाखल नोंदवहीतून कमी करून टाकतं. तुमची तेव्हाची अनामत त्यापोटी जमा झाली असेल. फार तर थोडी रक्कम मागतील, ती पावती घेऊन भरा. ते वाचनालय अजून सुरू आहे का, याची चौकशी माहेरच्या कुणाकडून करून घ्या. काउंटरवर नुसतं ठेवून पळू नका, ग्रंथपालांना भेटा आणि जे झालं ते सांगा. लग्न झालं, सामान बांधताना ट्रंकेत गेलं, मग लाज वाटत राहिली. त्यांना अशा गोष्टी ऐकायची सवय असते. माझ्या परिचयाच्या एका ग्रंथपाल बाईंना तर एकदा माणूस गेल्यावर त्याच्या मुलानं अकरा पुस्तकं पिशवीतून आणून दिली होती. बाईंनी त्याला आधी पाणी दिलं.

आणि काउंटरवर कुणी मान वर न करता “कोणतं पुस्तक हवंय?” म्हणालंच, तर पिशवीतून काढून समोर ठेवा. “हवं नाहीये, हे द्यायचंय.” मग तो मान वर करेल. त्यांनी पुस्तक ठेवून घेतलं की तिथेच विचारा, दिवाळी अंकांची योजना अजून चालू आहे का. जाण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या. काही ठिकाणी दुपारी बंद असतं, आणि साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाची वेगळी.

दंड किती झाला ते मला कळवा.